यंत्रमानव आले, यंत्रकार कोठे आहेत?

खंडेनवमीला पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातील लहानमोठ्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. लेथला आणि प्रेसला झेंडूच्या माळा चढतात, हळद-कुंकू वाहिले जाते, पेढे वाटले जातात. अलीकडे या माळा रोबोंच्या पोलादी दंडांवरही दिसू लागल्या आहेत. त्यात हसण्यासारखे काही नाही. ज्या साधनावर आपला चरितार्थ चालतो त्याविषयी कृतज्ञ असणे हा या समाजाचा जुना संस्कार आहे. साधन बदलले म्हणून तो बदलण्याचे कारण नाही. तथापि एक प्रश्न उपस्थित होतो. लेथची पूजा करणारा कारागीर त्या लेथचे अंतरंग जाणत होता. यंत्राचा आवाज किंचित बदलला, तरी कोठे काय बिनसले आहे हे त्याच्या कानांना कळत असे. रोबोला माळ घालणाऱ्यांपैकी किती जण त्याचे अंतरंग जाणतात? तो मध्येच थांबला, तर त्याचे झाकण उघडण्याची विद्या त्यांच्यापाशी आहे काय, की सेवा-अभियंता येईपर्यंत हात जोडून बसायचे?

प्रश्न बोचरा आहे, पण तो विचारण्याची वेळ हीच आहे. ‘इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ रोबोटिक्स’ या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतातील कारखान्यांत ८,५१० नवे औद्योगिक रोबो बसविले गेले. तोवरचा तो आपला उच्चांक होता. त्याच एका वर्षात चीनने बसविले २,७६,२८८. कारखान्यांतील दर दहा हजार माणसांमागे दक्षिण कोरियात त्या वर्षी १,०१२ रोबो होते. जगाची सरासरी होती १६२. असे आकडे प्रसिद्ध झाले की उद्योगजगताच्या परिषदांतून एकच हाकाटी सुरू होते: आपण मागे पडलो, त्वरा करा, यंत्रे मागवा.

स्वयंचलन येऊ नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ओतशाळेतील तप्त रस, रंगशाळेतील विषारी वाफा, आठ तास एकाच कोनात वाकून करावयाचे वेल्डिंग अशी कामे माणसाच्या अंगावरून यंत्राच्या अंगावर गेली, तर त्यांचे स्वागतच केले पाहिजे. श्रमाचा गौरव म्हणजे कष्टाचा गौरव नव्हे. आमचा आक्षेप क्रमाला आहे. आधी प्रक्रिया समजून घ्यावी, ती माणसाच्या हातून निर्दोष वठवून दाखवावी आणि मग तिच्यातील नेमका कोणता भाग यंत्राकडे सोपवावयाचा हे ठरवावे, हा स्वाभाविक क्रम होय. आपल्याकडे पुष्कळदा आधी यंत्र येते, मग त्याला साजेल अशी प्रक्रिया शोधली जाते आणि माणसाचा विचार सवड मिळाली तर होतो.

हा क्रम चुकल्यास काय घडते, हे पाहावयास अमेरिकेतील एकाच कारखान्याचा इतिहास पुरेसा आहे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा मोटार कारखाना होता. गैरहजेरी, बेकायदा संप, कामावर असताना मद्यपान, निकाली न निघालेल्या तक्रारींचे ढीग अशी त्याची ख्याती होती. १९८२ मध्ये तो बंद करण्यात आला. दोन वर्षांनी जपानच्या टोयोटाने जनरल मोटर्सशी भागीदारी करून तोच कारखाना ‘नुम्मी’ या नावाने पुन्हा उघडला. छप्पर तेच, कामगार संघटना तीच आणि बहुतांश कामगारही तेच. जे बदलले ते निराळेच होते. कामगारांच्या तुकड्या जपानमधील ताकाओका येथील कारखान्यात शिकावयास पाठविण्यात आल्या. जुळणीच्या साखळीवर दोष दिसताच दोरी ओढून ती साखळी थांबविण्याचा अधिकार प्रत्येक कामगाराला मिळाला. ज्यांच्या नावाने व्यवस्थापन बोटे मोडीत होते, त्याच माणसांनी थोड्याच काळात जपानी कारखान्याच्या तोडीच्या मोटारी बनवून दाखविल्या.

त्याच सुमारास जनरल मोटर्सचे तत्कालीन अध्यक्ष रॉजर स्मिथ मात्र दुसऱ्याच मार्गाने निघाले होते. जपानी स्पर्धेवर यंत्रमानव हाच उतारा, अशी त्यांची श्रद्धा. १९८२ मध्ये त्यांनी फानुक या जपानी कंपनीबरोबर रोबो बनविणारी कंपनी काढली आणि नव्या यंत्रसामग्रीवर अब्जावधी डॉलर ओतले. डेट्रॉइटजवळच्या हॅमट्रॅमक कारखान्यात १९८५ मध्ये उत्पादन सुरू झाले, तेव्हा रंगकाम करणारे रोबो मोटारींऐवजी एकमेकांनाच रंगवीत असल्याच्या हकिकती सर्वतोमुखी झाल्या. एकाच कंपनीच्या घरात एकीकडे माणसांवर विसंबून यश मिळत होते, दुसरीकडे यंत्रांवर विसंबून नामुष्की पदरी पडत होती. तरीही धडा घेतला गेला नाही. २००९ मध्ये या कंपनीला दिवाळखोरी पत्करावी लागली. तिची कारणे अनेक होती हे खरे, पण प्रक्रियेपेक्षा यंत्रावर अधिक विश्वास हे त्यांतील एक होते, हेही तितकेच खरे.

पुढील कथा अधिक उद्बोधक आहे. नुम्मी कारखाना २०१० मध्ये बंद पडला आणि त्याच वर्षी तो टेस्लाने विकत घेतला. ‘मॉडेल ३’ या मोटारीचे उत्पादन तेथे जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. वर्षअखेरीस आठवड्याला ५,००० मोटारी निघतील असा इलॉन मस्क यांचा वायदा होता. माणसांची गरज जवळजवळ भासू नये असा कारखाना उभारावयाचा, हे स्वप्न होते. प्रत्यक्षात २०१७ च्या अखेरच्या संपूर्ण तिमाहीत निघाल्या २,४२५ मोटारी. बॅटरीच्या वर काचतंतूंची मऊ चटई ठेवणे हे एक काम रोबोला दिले होते. कापसासारखी लवचिक वस्तू उचलणे हे माणसाच्या बोटांना सहज साधते. यंत्राला ते साधेना. रोबो थांबे आणि त्याच्याबरोबर सगळी ओळ थांबे. अखेर शोध घेतला, तेव्हा ती चटई मुळात लागतच नव्हती असे आढळले! अनावश्यक असलेले काम अत्यंत महागड्या यंत्राकडून करवून घेण्याचा तो खटाटोप होता. एप्रिल २०१८ मध्ये मस्क यांनी अतिरेकी स्वयंचलन ही आपलीच चूक असल्याचे आणि माणसाचे मोल कमी लेखले गेल्याचे जाहीरपणे मान्य केले. कारखान्याच्या आवारात एक प्रचंड तंबू ठोकून, माणसांच्या हातांनी चालणारी जुळणीची नवी ओळ टाकण्यात आली, तेव्हा कोठे जूनच्या अखेरीस पाच हजारांचा आकडा गाठला गेला. ज्या छपराखाली १९८४ मध्ये हा धडा गिरविला गेला, त्याच छपराखाली तो पुन्हा नव्याने शिकावा लागला.

टोयोटाला हे शहाणपण कोठून आले? त्याचे मूळ मोटारीत नाही, हातमागात आहे. साकिची टोयोडा या सुतारपुत्राने यंत्रमाग सुधारण्यात आयुष्य वेचले. १९२४ मध्ये सिद्ध झालेल्या त्याच्या स्वयंचलित मागाचे वैशिष्ट्य असे की एक जरी धागा तुटला तरी माग आपोआप थांबे. त्यामुळे सदोष कापड विणले जात नसे आणि प्रत्येक मागापाशी एक माणूस निव्वळ पहारा करीत उभा राहत नसे. या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने १९२९ मध्ये एक लाख पौंडांना घेतले. ज्या लँकेशायरच्या कापडाने आपल्या विणकरांचे संसार उद्ध्वस्त केले, त्या लँकेशायरला पुढे एका आशियाई कारागिराकडून विद्या विकत घ्यावी लागली, ही गोष्ट आपण भारतीयांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. या तत्त्वाला जपानी भाषेत ‘जिदोका’ म्हणतात. स्वयंचलन या अर्थाच्या नेहमीच्या शब्दातील ‘गती’ दाखविणाऱ्या चित्राक्षराला टोयोटाने ‘माणूस’ हे चिन्ह जोडले. केवळ हलणारे यंत्र निराळे आणि माणसाची विवेकबुद्धी ज्यात उतरली आहे असे यंत्र निराळे, हा भेद त्यांनी थेट लिपीतच कोरून ठेवला.

आणि तो लिपीतच राहिला नाही. आपले कारखाने रोबोंनी भरलेले असताना, मित्सुरु कावाई या ज्येष्ठ तंत्रज्ञाच्या आग्रहाने टोयोटाने काही विभागांत हाताने काम करण्याच्या ओळी पुन्हा सुरू केल्या. तेथे कामगार तापलेले पोलाद ठोकून मोटारीच्या इंजिनाचा दांडा घडवितात. उद्देश जुन्या काळाचे स्मरण करण्याचा नव्हता. यंत्र स्वतःला सुधारू शकत नाही. ज्याने धातूचे वागणे हातांनी अनुभवले आहे तोच यंत्राला पुढची सुधारणा शिकवू शकतो, हे त्यामागचे सूत्र होते. शिकलेल्या कामगारांनी मग तीच प्रक्रिया यंत्रावर अधिक आखूड आणि कमी नासाडीची करून दाखविली. हे कावाई टोयोटाच्या प्रशिक्षणशाळेतून कामगार म्हणून आलेले. विद्यापीठाची पदवी नसलेला हा माणूस २०१७ मध्ये कंपनीचा कार्यकारी उपाध्यक्ष झाला. आपल्याकडे आयटीआयमधून आलेला फिटर एखाद्या मोठ्या कंपनीच्या संचालकांच्या पंगतीला बसल्याचे उदाहरण वाचकांनी आठवून पाहावे.

जपानचे गुणगान गाण्यासाठी हे लिहिलेले नाही. असाच विचार करणारा माणूस आपल्या महाराष्ट्रातही होऊन गेला आणि त्याने तो पुण्यात प्रत्यक्षात आणला. सुमंत मुळगावकर हे त्यांचे नाव. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, ही कंपनी १९५४ पासून जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बनवीत होती. हा करार १९६९ मध्ये संपला. तो संपणार आणि त्यानंतर आपल्याला आपल्या पायांवर उभे राहावे लागणार, हे मुळगावकरांनी आधीच ओळखले होते. १९६६ च्या सुमारास पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर त्यांनी नवा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा प्रथम काय उभारले? मालमोटारींची जुळणीशाळा नव्हे. त्यांनी आधी प्रशिक्षण विभाग उभारला आणि यंत्रे बनविणारा विभाग उभारला. आसपासच्या गावांतील मुले उमेदवार म्हणून घेतली, त्यांना कानस धरण्यापासून शिकविले आणि त्यांच्याकडून जिग, फिक्सचर, डाय घडवून घेतले. पुढे मोठी यंत्रेही घडवून घेतली. ओसाड जमिनीवर झाडे लावली, तळे केले. पुण्याच्या कारखान्यातून पहिली मालमोटार बाहेर पडली १९७७ मध्ये. आजच्या एखाद्या सल्लागार कंपनीने हे वेळापत्रक पाहिले असते, तर दहा वर्षे वाया गेली असाच शेरा मारला असता.

ती दहा वर्षे वाया गेली नव्हती, हे पुढील काळाने दाखविले. ऐंशीच्या दशकात हलक्या मालमोटारींच्या क्षेत्रात टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह उतरल्या. टेल्को आता संपणार असे भाकीत तेव्हा अनेकांनी केले. टेल्कोने १९८६ मध्ये स्वतःच्या रचनेची ‘४०७’ बाजारात आणली. आपले रस्ते, आपल्याकडील जादा भार, आपल्या गॅरेजमधील मेस्त्रीचे पान्हे हे सारे तिच्या रचनेत गृहीत धरलेले होते. भाकीत करणारे गप्प झाले.

त्याहून मोठी कसोटी ‘इंडिका’ची. संपूर्ण भारतीय मोटार बनविण्याचा हा प्रकल्प सुमारे १,७०० कोटी रुपयांचा होता. अशा कामासाठी परदेशी कंपन्या याच्या कितीतरी पट खर्च करीत. नवी जुळणीशाळा घेणे परवडणारे नव्हते. ऑस्ट्रेलियात निसानचा एक कारखाना बंद होऊन पडलेला होता. टेल्कोने तो विकत घेतला, तेथे जाऊन सुटा केला, जहाजांवर चढविला आणि पुण्यात पुन्हा उभा केला. हे वाक्य लिहावयास सोपे आहे. दुसऱ्याने, दुसऱ्या देशात, दुसऱ्या मोटारीसाठी बांधलेली हजारो टनांची यंत्रसामग्री सुटी करावयाची, प्रत्येक भागाला क्रमांक द्यावयाचा, कोणता झिजला आहे आणि कोणता चालेल हे ठरवावयाचे, समुद्रापार आणून नव्या पायावर मिलिमीटरच्या अंशापर्यंत जुळवावयाचे आणि तिच्याकडून वेगळ्याच आकाराची मोटार बनवून घ्यावयाची! ज्यांनी स्वतः यंत्रे घडविली आहेत त्यांनाच हे धाडस सुचते आणि त्यांनाच ते पेलते. मुळगावकर १९८९ मध्ये निवर्तले होते. पण त्यांनी लावलेल्या झाडांची फळे ही होती.

जानेवारी १९९८ मध्ये रतन टाटांनी इंडिका दिल्लीच्या प्रदर्शनात सादर केली आणि त्या वर्षाच्या अखेरीस ती विक्रीस आली. नोंदणी लाखावर गेली. नंतर तक्रारींचा पाऊस पडला. आवाज, कंप, टायरांची झीज, एक ना दोन. २००० ते २००१ या आर्थिक वर्षात कंपनीला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. त्या काळी भारतीय उद्योगात असा तोटा ऐकिवात नव्हता. येथे दोन मार्ग होते. एक, परदेशी भागीदार आणून जबाबदारी झटकणे. दुसरा, प्रत्येक तक्रार मुळापर्यंत नेऊन दोष काढणे. टेल्कोने दुसरा मार्ग धरला. रचना आपली, डाय आपले, ओळ आपण जुळविलेली. त्यामुळे दोष कोठे आहे हे कोणाला विचारावे लागले नाही. २००१ मध्ये सुधारलेली ‘इंडिका व्ही-टू’ आली आणि तिने बाजार जिंकला. २००३ मध्ये तीच मोटार ‘सिटी रोव्हर’ या नावाने ब्रिटनमध्ये विकली जाऊ लागली. तयार ओळ जशीच्या तशी आणून बसविली असती, तर सुधारणेच्या प्रत्येक स्क्रूसाठी परदेशी पत्रव्यवहार करावा लागला असता.

प्रकल्प-व्यवस्थापन या विषयाचे हेच मर्म आहे. अमेरिकी नौदलाने १९५८ मध्ये पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ ही नियोजनपद्धत वापरात आणली. तेव्हापासून कोणते काम कोणत्या कामासाठी अडून राहते हे कागदावर मांडण्याची विद्या जगभर पसरली. ती उपयुक्तच आहे. परंतु भिंतीवरचा रंगीत तक्ता उशीर झाला एवढेच सांगतो. का झाला हे टूलरूममधला माणूस सांगतो. तक्ता आहे पण त्या माणसाला बैठकीत खुर्ची नाही, असे प्रकल्प आपल्याकडे थोडे नाहीत.

आज चित्र काय आहे? भोसरीतील एखादा लघुउद्योजक घर तारण ठेवून संगणकनियंत्रित यंत्र घेतो. यंत्राचा सांगाडा बंगळूरचा किंवा राजकोटचा असू शकतो, आणि ही अभिमानाची बाब आहे. राजकोटच्या ज्योती सीएनसीने तर २००७ मध्ये ह्युरॉन ही फ्रान्समधील जुनी यंत्रनिर्माती कंपनीच ताब्यात घेतली. मात्र त्या यंत्राचा मेंदू, म्हणजे नियंत्रक, बहुधा जपानच्या फानुकचा किंवा जर्मनीच्या सीमेन्सचा असतो. सर्वो मोटार, बॉल स्क्रू, अचूक बेअरिंग हेही बव्हंशी बाहेरचे. हात-पाय आपले, मेंदू आणि मज्जातंतू दुसऱ्याचे, अशी ही अवस्था आहे. टाटा मोटर्सच्याच ‘टाल’ या कंपनीने ‘ब्राबो’ नावाचा भारतीय बनावटीचा रोबो २०१७ च्या सुमारास बाजारात आणला होता. लहान कारखान्यांना परवडावा, दोन किंवा दहा किलो वजन उचलावे, एवढाच त्याचा नेमका हेतू. अशा प्रयत्नांवर किती चर्चासत्रे झाली आणि किती सरकारी खात्यांनी ते आवर्जून खरेदी केले, हा संशोधनाचा विषय ठरेल.

यंत्रे बनविणारे यंत्र हे व्यापारी वस्तूपेक्षा काही अधिक असते, हे महासत्ता कधी विसरल्या नाहीत. १९८७ मध्ये जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने नऊ अक्षांवर चालणारी यंत्रे सोव्हिएत संघाला चोरून विकल्याचे उघडकीस आले. त्या यंत्रांवर पाणबुड्यांचे पंखे इतके गुळगुळीत घडविता येत होते की त्यांचा समुद्रातील आवाज मंदावला. एका यंत्राच्या विक्रीवरून अमेरिका आणि जपान या मित्रदेशांत वादळ उठले. नियंत्रक पुरविला होता नॉर्वेच्या कंपनीने, तिलाही झळ लागली. चीनने हे सूत्र नेमके ओळखले. २०१६ मध्ये त्याच्या मिडिया या कंपनीने कुका या जर्मन रोबोनिर्मात्या कंपनीसाठी बोली लावली आणि ती घेतलीही. आणि एप्रिल २०२५ मध्ये याच चीनने दुर्मीळ मृदा-धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा बजाज ऑटोसारख्या पुण्याच्या बलाढ्य कंपनीलाही आपल्या इलेक्ट्रिक दुचाकीचे उत्पादन थांबण्याची भीती जाहीरपणे बोलून दाखवावी लागली. मुठीत मावेल एवढे चुंबक. त्यावर हजारो हातांचे काम अडले. उद्या असाच परवाना नियंत्रकांवर लागला तर?

आता माणसाविषयी. वार्षिक उद्योग पाहणीनुसार संघटित कारखानदारीतील दर दहा कामगारांपैकी सुमारे चार कंत्राटी आहेत. कंत्राटाची मुदत संपली की कामगार बदलतो, आणि त्याच्या हातांनी टिपलेले बारकावे त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जातात. या कामगाराने साखळी थांबविण्यासाठी दोरी ओढावी अशी अपेक्षा कोणी करावी? दोरी ओढली तर उद्या आपलेच नाव यादीतून जाईल हे तो जाणतो. दोष पुढे सरकतो आणि मग दोष शोधण्यासाठी कॅमेरा आणि संगणक मागविले जातात. माणसाला बोलू द्यावयाचे नाही म्हणून यंत्राला डोळे लावावयाचे, हा उफराटा व्यवहार आहे. भारतीय मजदूर संघाने विश्वकर्मा जयंतीला राष्ट्रीय श्रमदिन मानले, त्यामागे कामगार हा निर्मितीचा भागीदार आहे ही धारणा होती. ती भाषणात ठेवून चालणार नाही, हजेरीपटावर उतरली पाहिजे. उमेदवारीच्या कायद्याचेही तेच. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावेत असा नियम २०१९ पासून आहे. अनेक ठिकाणी उमेदवार म्हणजे विद्यावेतनावर मिळणारा स्वस्त हमाल, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्याला यंत्र चालवावयास देतात, यंत्र उघडावयास देत नाहीत.

शासनाची दिशाही तपासली पाहिजे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहन आणि वाहनांच्या सुट्या भागांसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिची तरतूद २५,९३८ कोटी रुपये. तीत किमान निम्मे मूल्यवर्धन देशात व्हावे ही अट घातली गेली, हे योग्यच झाले. त्यानंतर चार महिन्यांनी, जानेवारी २०२२ मध्ये, भांडवली यंत्रसामग्रीच्या क्षेत्राची स्पर्धाक्षमता वाढविण्याच्या योजनेचा दुसरा टप्पा जाहीर झाला. त्याची एकूण रक्कम १,२०७ कोटी, आणि तीतही २३२ कोटी उद्योगांनी स्वतः घालावयाचे. वाहने बनविण्यास वीस रुपये आणि ती बनविणारी यंत्रे बनविण्यास एक, असे हे प्रमाण आहे. सरकारच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. निदान ही योजना अस्तित्वात तरी आहे. परंतु बंगळूरच्या केंद्रीय उत्पादन तंत्रज्ञान संस्थेसारख्या, १९६२ पासून या क्षेत्रात पाय रोवून असलेल्या संस्था, छत्रपती संभाजीनगरचे भारत-जर्मन टूलरूम, शेकडो आयटीआय आणि हजारो लघुउद्योजक यांना एका सूत्रात ओवावयाचे, तर एवढ्या पैशांत ते होणारे नाही.

पुढील टप्पा आखताना अवजड उद्योग मंत्रालयाने अनुदानाच्या अर्जात आणखी काही रकाने घालावेत. विकत घेतलेल्या यंत्राच्या नियंत्रकाची आज्ञावली आणि दुरुस्तीची संपूर्ण माहिती ग्राहकाच्या ताब्यात मिळणार आहे काय? ते यंत्र उघडून, जुळवून पुन्हा चालू करू शकणारी किती माणसे कारखान्याच्या स्वतःच्या हजेरीपटावर आहेत, आणि त्यांपैकी किती जण कायम आहेत? आणि ज्या कामासाठी यंत्र मागविले जात आहे, ते काम यापूर्वी माणसांच्या हातून किती दिवस, किती टक्के निर्दोष करून पाहिले होते? टेस्लाच्या त्या चटईपाशी हा शेवटचा रकाना कोणी भरून घेतला असता, तर तो रोबो मागविलाच गेला नसता.